दोन मिलिमीटरचा रहिवासी, शंभर एकरांचं छत

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहर आणि त्याच्या उत्तरेकडच्या भागात, जमिनीखाली एक केशरी रंगाचा, आंधळा, आठ पायांचा जीव राहतो. त्याचं नाव बोन केव्ह हार्व्हेस्टमन. धड जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढं. हा कधी गुहेबाहेर पाऊल टाकत नाही, कुणाला चावत नाही, कुणाच्या वाटेला जात नाही. आणि याचा निभाव लागावा म्हणून अमेरिकेच्या वन्यजीव खात्याचे तज्ज्ञ गुहेभोवती 40 हेक्टर, म्हणजे 100 एकर, मोकळी जमीन राखा म्हणतात.

पहिल्यांदा ऐकताना आकड्यात एखादं शून्य जास्त पडलं असावं असंच वाटतं. जो प्राणी जमिनीवर येतच नाही, त्याच्यासाठी जमिनीवरची झाडं आणि गवत कशाला राखायचं? गुहेच्या तोंडाला जाळी बसवावी, पाटी लावावी आणि शेजारी बांधकाम करावं. टेक्सासमधल्या अनेक जमीनमालकांचा नेमका हाच सवाल आहे आणि त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. सवाल रास्त आहे. पण त्याचं उत्तर गुहेत उतरून सापडत नाही. ते मिळवायला वर, गवतातच हिंडावं लागतं.

कोळी नव्हे

आधी हा प्राणी नेमका कोण ते पाहू. हार्व्हेस्टमन अष्टपाद वर्गातला, म्हणजे कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या भाऊबंदांतला. लांब पाय बघून लोक त्याला सर्रास कोळी म्हणतात, पण फरक बराच आहे. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात आणि मध्ये बारीक कंबर असते. हार्व्हेस्टमनला कंबर नाही, सगळं धड एकसंध. रेशीम काढणाऱ्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे जाळं विणत नाही. विषग्रंथीही नाहीत. ‘डॅडी लाँगलेग्ज हा जगातला सर्वांत विषारी कोळी, फक्त त्याचे दात माणसाच्या कातडीत शिरत नाहीत’ अशी एक लोणकढी थाप अधूनमधून फिरत असते. हार्व्हेस्टमनला उद्देशून ती सांगणाऱ्यांनी दोन चुका एका वाक्यात बसवलेल्या असतात: तो कोळी नाही आणि त्याला विष नाही. खाण्याची पद्धतही वेगळी. कोळी भक्ष्यावर पाचकरस सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो. हार्व्हेस्टमन चक्क तुकडे तोडून गिळतो.

या गटाच्या साडेसहा हजारांहून जास्त प्रजाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि घराणं फार जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळच्या खडकात सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीचा हार्व्हेस्टमनचा जीवाश्म मिळाला. त्यात श्वासनलिकासुद्धा ओळखू येतात आणि एकूण ठेवण आजच्या हार्व्हेस्टमनशी मिळतीजुळती आहे.

आपल्या गुहावासीयाचं शास्त्रीय नाव टेक्सेला रेयेसी. धडाची लांबी 1.4 ते 2.7 मिलिमीटर. पायांची दुसरी जोडी मात्र 6 ते 12 मिलिमीटर लांब, म्हणजे धडाच्या चौपटीपासून आठपटीपर्यंत. ही जोडी चालण्यापेक्षा चाचपण्याच्या कामाची. कीटकांना मिशा असतात, अष्टपादांना नसतात. म्हणून हार्व्हेस्टमन या दोन पायांनी पुढचा दगड, ओल, भक्ष्याचा वास, शेजाऱ्याची हालचाल असं सगळं हुडकत जातो. तोंडापाशी आणखी एक आखूड जोडी असते आणि तिच्यावर काटे असतात. स्प्रिंगटेलसारखा बारीक, उडी मारून निसटणारा जीव त्या काट्यांत अडकवून धरायचा आणि खायचा. प्रौढ केशरी दिसतात, पिल्लं पांढरट किंवा फिकट पिवळसर.

डोळ्यांची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. बहुतेक हार्व्हेस्टमनना पाठीवर एक छोटा उंचवटा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक डोळा. टेक्सेला रेयेसीमध्ये उंचवटा शिल्लक आहे, पण आत प्रकाश टिपणारा पडदाच नाही. डोळ्याच्या बाहेरचं पारदर्शक भिंग मात्र काही गुहांतल्या प्राण्यांत दिसतं, काहींत अर्धवट दिसतं, काहींत पार नाहीसं झालेलं असतं. एकाच प्रजातीत, वेगवेगळ्या गुहांत, डोळा जाण्याचे वेगवेगळे टप्पे. त्याचाच जवळचा नातेवाईक, बी क्रीक केव्ह हार्व्हेस्टमन, ऑस्टिन भागातल्याच गुहांत राहतो आणि त्याचे डोळे अजून शाबूत आहेत.

‘वापरले नाहीत म्हणून गेले’ असं यावर म्हटलं जातं, पण एवढ्याने काम भागत नाही. एका प्राण्याने डोळे वापरले नाहीत म्हणून त्याची पिल्लं आंधळी जन्मत नाहीत. होतं असं की डोळ्याच्या घडणीत बिघाड करणारे जनुकीय बदल प्रत्येक पिढीत थोडेफार होतच असतात. उजेडात असा बदल घेऊन जन्मलेला प्राणी मागे पडतो, मरतो, बदल तिथेच संपतो. मिट्ट अंधारात मात्र डोळस आणि आंधळा यांत फरकच उरत नाही, त्यामुळे ते बदल साचत जातात. शिवाय डोळा आणि त्यामागची मज्जा पोसायला ऊर्जा लागते. जिथे खायची मारामार, तिथे ही बचत उपयोगी पडते.

चुनखडीतली पोकळी

हे प्राणी राहतात तो खडक सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला. सागरी जीवांचे शंख, कवचं, चुन्याचा गाळ साचत गेला आणि त्याची चुनखडी झाली. भूगर्भशास्त्रात तिला एडवर्ड्स चुनखडी म्हणतात. पुढे जमीन वर उचलली गेली, भेगा पडल्या, आणि पावसाच्या पाण्याला वाट मिळाली.

पावसाचं पाणी मुळात किंचित आम्लधर्मी. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो आणि मातीतून झिरपताना, मुळं आणि जिवाणूंनी सोडलेला, त्याहून कितीतरी जास्त मिसळतो. हे सौम्य कार्बोनिक आम्ल चुनखडीला हळूहळू विरघळवतं. केसाएवढी भेग बोटाएवढी होते, बोटाएवढी फट हाताएवढी, आणि काही लाख वर्षांनी माणूस रांगत जाईल एवढी वाट. अशा पोखरलेल्या प्रदेशाला कार्स्ट म्हणतात.

गुहा म्हटलं की डोळ्यांसमोर उंच दालनं आणि लोंबणारे चुन्याचे खांब येतात. ऑस्टिन भागातल्या बऱ्याच गुहा तशा नाहीत. तोंड एखादा माणूस कसाबसा आत सरकेल एवढं, आत काही मीटरची उतरंड, चिखलाची जमीन आणि दगडांचा खच. कित्येकांना तोंडच नाही. विल्यमसन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जॉर्जटाउनजवळ 1963 मध्ये हायवेच्या बांधकामासाठी चाचणीचं ड्रिलिंग चाललं होतं. ड्रिल अचानक पोकळीत गेलं आणि खाली भलीमोठी गुहा निघाली. आज ती इनर स्पेस कॅव्हर्न या नावाने पर्यटकांना दाखवली जाते. रस्ता दुसरीकडून काढला असता तर आजही ती कुणाला ठाऊक नसती.

आणि माणूस शिरू शकेल अशा जागा हा कार्स्टचा छोटासा भाग. त्यांच्याभोवती खडकात बोटाएवढ्या, काडीएवढ्या फटींचं दाट जाळं पसरलेलं असतं. संशोधक त्यांना मेसोकॅव्हर्न म्हणतात. मोहरीएवढ्या धडाच्या प्राण्याचं खरं बिऱ्हाड इथे. आपण ज्याला गुहा म्हणतो ती त्याच्या दृष्टीने जरा मोठी मोकळी जागा, जिथे खायला जास्त मिळतं म्हणून यायचं. उन्हाळ्यात गुहा कोरडी पडायला लागली की तो आत फटींत निघून जातो.

कोरडेपणा हा त्याचा खरा शत्रू. शरीर जितकं लहान तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणजे पाणी उडून जायला जागा जास्त. बाहेर राहणाऱ्या कीटकांच्या अंगावर मेणचट थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. पिढ्यानपिढ्या दमट हवेत राहिलेल्या गुहावासीयांचं आवरण पातळ असतं. म्हणून त्यांना हवेत जवळजवळ शंभर टक्के आर्द्रता आणि वर्षभर फारसं न हलणारं तापमान लागतं. बाहेर टेक्सासचा उन्हाळा 40 अंशांच्या आसपास भाजत असताना आत 20–22 अंश असतं.

हा थंडावा आणि ओल येते कुठून? वरून. गुहेच्या डोक्यावर माती आहे, मातीवर गवत आणि जुनिपर-ओकची झाडी आहे. सावलीमुळे जमीन तापत नाही, मातीतून पाणी सावकाश झिरपतं, मुळं भेगांतून खाली उतरतात. तेवढं काढून टाका, गुहेत एकही दगड न हलवता गुहा बदलते.

रातकिड्यांची पाळी

सूर्यप्रकाश नाही, म्हणजे हिरवी वनस्पती नाही. हिरवी वनस्पती नाही, म्हणजे अन्न आतमध्ये तयारच होत नाही. जे काही खाल्लं जातं ते बाहेरून आलेलं असतं. थोडा पालापाचोळा पावसाबरोबर वाहून येतो. रकून नावाचे मांजराएवढे रानटी प्राणी आत शिरतात आणि विष्ठा टाकून जातात. झाडांची मुळं छतातून लोंबतात. पण बऱ्याच गुहांत सर्वांत मोठा पुरवठा करणारे आहेत गुहेतले रातकिडे.

हे रातकिडे दिवसा गुहेच्या छताला चिकटून थव्याने बसलेले असतात. बिनपंखी, पाठीत वाकलेले, मिशा शरीरापेक्षा लांब. अंधार पडला की तोंडापाशी गोळा होतात आणि बाहेर पडून गवतात, झाडीत चरतात. फळं, किडे, कुजकं, मिळेल ते. पहाटेपूर्वी पोट भरून परत. दिवसभर वर बसून पचवायचं आणि खाली विष्ठा टाकायची. त्या विष्ठेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, बुरशीवर स्प्रिंगटेल जगतात आणि स्प्रिंगटेलवर हार्व्हेस्टमन. रातकिडे गुहेतल्या मातीत अंडी घालतात; ती उकरून खाणारे, डोळे खुरटलेले भुंगेरे याच गुहांत आहेत. मेलेल्या रातकिड्याचाही फडशा पडतो. म्हणजे रोज रात्री शेकडो प्राणी गवतातली ऊर्जा पोटात भरून खाली आणून रिकामी करतात आणि खालची सगळी वस्ती त्यावर गुजराण करते.

मग महत्त्वाचा प्रश्न असा की हे रातकिडे गुहेपासून किती लांब जातात. बरीच वर्षं धरून चाललं होतं की पन्नासेक मीटर. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेक्सासमधल्या फोर्ट हूड लष्करी तळावरच्या गुहेतल्या रातकिड्यांना अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग लावला गेला आणि नंतर रात्री तो दिवा घेऊन आजूबाजूचं रान धुंडाळलं गेलं. निम्मे चाळीस मीटरांच्या आत सापडले, पण काही थेट 105 मीटरवर. तेव्हापासून 105 मीटर हा आकडा या विषयातला परवलीचा आकडा झाला.

इथे कागद-पेन्सिल घेऊ. 105 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण साडेतीन हेक्टर. मग 40 हेक्टर कशाला? कारण मोकळ्या जमिनीचा तुकडा कडेने खराब होत जातो. शेजारी रस्ता आणि घरं आली की कडेची माती सुकते, परके तण शिरतात, उपद्रवी मुंग्या घुसतात, बागेतली कीटकनाशकं वाऱ्यापाण्याबरोबर येतात. हा परिणाम शंभर मीटर आतपर्यंत पोचतो असं धरा. 16 हेक्टरचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजू 400 मीटर. चारी बाजूंनी शंभर मीटर वजा करा. उरतो 200 बाय 200 मीटर, म्हणजे 4 हेक्टरचा गाभा. रातकिड्यांचं 210 मीटर व्यासाचं वर्तुळ त्यात बसतच नाही, दहा मीटरने बाहेर येतं. 40 हेक्टरच्या चौकोनात मात्र जवळपास पावणेएकोणीस हेक्टरचा गाभा उरतो. तिथे झाडं म्हातारी होऊन पडली तरी त्यांच्या जागी नवी उगवायला वाव राहतो, एखादा वणवा किंवा दुष्काळ आला तरी सगळंच एकदम जात नाही. वन्यजीव खात्याच्या मार्गदर्शक सूचना 16 ते 40 हेक्टरच्या राखीव तुकड्याला ‘मध्यम’ आणि त्याहून मोठ्याला ‘उत्तम’ दर्जाचा म्हणतात. वरचं गणित माझं, पण आकडे हवेतून आलेले नाहीत हे त्यावरून कळावं.

उकळतं पाणी

कडेने घुसणाऱ्यांत सर्वांत वाईट म्हणजे लाल फायर अँट. ही दक्षिण अमेरिकेतली मुंगी. 1930 च्या दशकात अलाबामातल्या मोबाइल बंदरातून अमेरिकेत शिरली आणि पसरत पसरत टेक्सासभर झाली. उकरलेली, उघडी, उन्हात तापणारी जमीन तिला मानवते, म्हणजे नेमकी बांधकामाशेजारची. गवतात रातकिड्यांच्या आधी पोचून त्यांचं खाणं ती पळवते, आणि गुहेत उतरून तिथले प्राणीही मारते. हिवाळ्यात बाहेर थंडी आणि उन्हाळ्यात भट्टी असताना, आतली सम हवा तिलाही आवडते.

विषारी आमिष टाकून या मुंग्या मारणं सोपं. पण तेलात घोळवलेलं ते आमिष रातकिडेही आवडीने खातात, आणि मग मुंगीच्या आधी गुहेचा पुरवठाच बंद पडतो. म्हणून गुहेजवळ उपाय वापरतात तो जुनापुराणा: वारुळात उकळतं पाणी ओतणं. माणसं टाकी, बर्नर आणि नळी घेऊन रानात जातात, एकेक वारूळ शोधतात, काठीने भोक पाडतात आणि आत कढत पाणी सोडतात. राणी मेली तर वारूळ संपलं. वाचली तर बाजूला दुसरं उभं राहतं. एकाच वारुळात अनेक राण्या असण्याचा प्रकारही टेक्सासमध्ये भरपूर आहे, त्यामुळे काम संपत नाही. वर्षातून दोनदा, दर वर्षी, तेच. या विषयातलं मला सर्वांत पटलेलं काम हेच: दिखाऊपणा नाही, आणि कुठे काय दुखतंय हे नीट समजूनच निवडलेलं.

बाकीचे धोके चटकन सांगता येतात. डांबर आणि काँक्रीट पडलं की झिरपणारं पाणी अडतं किंवा भलत्याच वाटेने भसाभस आत येतं. गटाराची नळी फुटली, टँकर उलटला, तर चुनखडी काहीही गाळून घेत नाही. वरचं तसंच खाली. जुन्या काळी गुरं पडू नयेत म्हणून कुरणांतल्या गुहांची तोंडं दगडांनी, कचऱ्याने बुजवलेली आहेत. आणि जाळी बसवायचीच तर आडव्या गजांची, ज्यातून रातकिडे, रकून, पालापाचोळा आणि हवा येऊ-जाऊ शकेल. पत्र्याचं झाकण लावून कुलूप घातलं तर माणसं थांबतात, पण अन्नही थांबतं.

किती आहेत?

याचं उत्तर देणं अवघड, आणि सगळा वाद त्यातूनच आला.

1988 मध्ये ऑस्टिन भागातले पाच गुहावासी अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेले: एक कोळी, एक स्यूडोस्कॉर्पियन (विंचवासारखा दिसणारा, नांगी नसलेला चिमुकला जीव), दोन भुंगेरे आणि बी क्रीक केव्ह हार्व्हेस्टमन. तेव्हा आपला बोन केव्ह हार्व्हेस्टमन वेगळा मानला जात नव्हता. तो बी क्रीकवाल्यातच मोजला होता. 1992 मध्ये डॅरेल युबिक आणि थॉमस ब्रिग्ज या अभ्यासकांनी संपूर्ण टेक्सेला वंशाचा फेरआढावा घेतला आणि या दोन प्रजाती वेगळ्या आहेत हे दाखवलं. 1993 मध्ये यादीत तशी दुरुस्ती झाली आणि टेक्सेला रेयेसीला स्वतःच्या नावाने संरक्षण मिळालं.

यादीत आला तेव्हा तो जेमतेम बोटांवर मोजण्याएवढ्या गुहांतून माहीत होता. नंतर शोध वाढला आणि ट्रॅव्हिस व विल्यमसन या दोन काउंट्यांत मिळून दीडशेहून जास्त गुहांत तो सापडला. यावर टीकाकार म्हणतात, बघा, प्राणी दुर्मीळ नव्हताच, फक्त कुणी शोधला नव्हता; आता यादीतून काढा. 2014 मध्ये तसा रीतसर अर्ज वन्यजीव खात्याकडे गेला.

वरवर पाहता मुद्दा बिनतोड. पण नव्या गुहा सापडल्या कशा, ते बघायला हवं. या भागात बांधकामाआधी जमिनीची तपासणी करावी लागते, म्हणून जिथे बांधकाम जास्त तिथे शोध जास्त. विल्यमसन काउंटीची लोकसंख्या 1990 मध्ये सुमारे 1 लाख 40 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 6 लाखांच्या वर गेली. म्हणजे गुहा यादीवर येण्याचा आणि तिच्याभोवती वस्ती येण्याचा काळ बहुधा एकच. नोंद झालेली गुहा आणि पुढची पन्नास वर्षं टिकेल अशी गुहा यांची मोजणी वेगळी ठेवावी लागते, आणि आपण सोयीने पहिलीच मोजतो.

दुसरी अडचण प्रत्यक्ष पाहणीची. डोक्याला दिवा लावून, चिखलात पोटावर सरपटत, एकेक दगड हळूच उचलायचा, खालची बाजू निरखायची, केशरी ठिपका दिसला तर नोंदायचा आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. तासभर असं करून हाती शून्य येणं नेहमीचंच. त्या शून्याचा अर्थ काय? प्राणी नाही, की त्या दिवशी फटींत गेला होता? एका भेटीवरून काही सांगता येत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. म्हणून काही ठिकाणी अप्रत्यक्ष मोजमाप करतात: संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसून बाहेर पडणारे रातकिडे मोजायचे. पुरवठा करणारे कमी होत गेले तर खाणाऱ्यांची अवस्था काय असेल, हे ओळखायला हार्व्हेस्टमन दिसायची वाट बघावी लागत नाही.

कोर्टात गेलेला किडा

ऑस्टिनच्या वायव्येला दोन मोठे रस्ते मिळतात तिथल्या दोनशेहून जास्त एकर जमिनीच्या मालकांना दुकानं आणि घरं बांधायची होती. जमिनीखाली गुहा, गुहांत यादीतले सहा प्राणी, त्यांत हाही. परवानगी मिळेना. मालक कोर्टात गेले आणि त्यांनी मोठा धूर्त मुद्दा काढला. अमेरिकेच्या संघ सरकारला संकटग्रस्त प्रजातींचा कायदा राबवण्याचा अधिकार मिळतो तो राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन करण्याच्या घटनेतल्या कलमातून. हे किडे तर टेक्सासबाहेर सापडत नाहीत, कुणी विकत नाही, कुणी घेत नाही, त्यांना बघायला पर्यटक येत नाहीत. मग यात व्यापार कुठला?

2003 मध्ये फिफ्थ सर्किटच्या, म्हणजे टेक्सास ज्या न्यायविभागात येतं त्याच्या, अपील कोर्टाने निकाल सरकारच्या बाजूने दिला, पण कारण विचार करण्यासारखं दिलं. एकेक प्रजाती सुटी काढून तिची बाजारातली किंमत विचारायची नाही. प्रजाती एकमेकींवर अवलंबून असतात, म्हणून सगळ्यांचा मिळून परिणाम धरायचा. त्याच कोर्टातल्या काही न्यायाधीशांना हे मुळीच पटलं नाही; इंचाच्या आठव्या भागाएवढ्या किड्यांसाठी संघ सरकारला अमर्याद अधिकार देऊन टाकले, असा त्यांचा सूर होता. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि निकाल कायम राहिला.

यादीतून काढण्याचा 2014 चा अर्ज वन्यजीव खात्याने फेटाळला, पुन्हा तपासून पुन्हा फेटाळला. 2019 मध्ये टेक्सासमधल्या संघ न्यायालयाने तो नकार रद्द केला, कारण प्राथमिक टप्प्यावरच खात्याने अर्जदारांकडून प्रमाणाबाहेर पुरावा मागितला होता. माझ्या मते तिथे खात्याचं चुकलं, आणि तरी प्राण्याला यादीत ठेवायला हवं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

जमीनमालकांची तक्रार मला थट्टेवारी नेण्यासारखी वाटत नाही. 105 मीटरचं वर्तुळ नकाशावर काढणं सोपं. ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावर पडतं. यातून निघालेला मधला मार्ग असा: 1996 मध्ये ऑस्टिन शहर आणि ट्रॅव्हिस काउंटीने मिळून बॅल्कोनीस कॅन्यनलँड्स प्रिझर्व्ह ही मोठी राखीव जमीन उभारण्याचा करार केला. त्यात तीस हजार एकरांहून जास्त रान आणि 62 गुहा राखायच्या आणि त्याबदल्यात इतरत्र शुल्क भरून बांधकाम करता येतं. विल्यमसन काउंटीनेही 2008 मध्ये स्वतःची अशीच योजना सुरू केली. एकेका प्लॉटवर एकेका किड्यासाठी भांडण्यापेक्षा हे बरं.

या प्राण्यांना सावरण्यासाठी वन्यजीव खात्याने 1994 मध्ये केलेल्या आराखड्याची अट आहे की नद्या-ओढ्यांनी वेगळ्या पडलेल्या प्रत्येक कार्स्ट विभागात किमान तीन सुरक्षित क्षेत्रं हवीत, एकमेकांपासून इतकी दूर की एका अपघातात दोन जाऊ नयेत. उत्तर विल्यमसनमध्ये रान अजून शिल्लक आहे, तिथे हे जमू शकतं. ऑस्टिन शहराच्या पोटातल्या विभागात मात्र 40 हेक्टरचा सलग तुकडा आता आणायचा कुठून? तिथल्या चिमुकल्या राखीव जागांत रान जे काम फुकट करतं ते माणसाला करावं लागणार: मुंग्यांची वारुळं शोधणं, पावसाचं पाणी वळवणं, झाडं लावणं, रातकिडे मोजणं. आणि या कामाला शेवटची तारीख नाही, त्यामुळे त्याचा खर्च कुणाच्या अंदाजपत्रकात कायमचा बसवायचा हाच तिथला खरा पेच आहे.